किल्ली कुणाच्या हातात दिलीत?

वाचकांचे प्रश्न : घर, भाडं आणि कागद

(हे सदर लिहिणारे गृहस्थ नाशिकला जुन्या आग्रा रोडवर कोर्टाजवळ टेबल टाकून 34 वर्षं दस्त लिहीत होते. आता निवृत्त आहेत आणि स्वतःच्या घरातली एक खोली भाड्याने देतात.)

प्रश्न : मी इंदिरानगरला एका निवृत्त जोडप्याच्या घरात खोली घेऊन राहते. मुख्य दार एकच, स्वयंपाकघर सामायिक. नोकरी अंबड एमआयडीसीत. करार लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे जागेवर हक्क न देता राहायची नुसती परवानगी देणारा), 1 नोव्हेंबरपासून 11 महिन्यांचा, ऑनलाइन नोंदवलेला. भाडं 6,500, डिपॉझिट 20,000. आता पुण्यात चांगली नोकरी मिळाली आहे आणि 15 एप्रिलला हजर व्हायचं आहे. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "11 महिने म्हणजे 11 महिने. सप्टेंबरपर्यंतचं भाडं दे, नाहीतर डिपॉझिट विसर." करारातली अट अशी आहे : "पहिले सहा महिने कोणत्याही पक्षास करार रद्द करता येणार नाही. त्यानंतर एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन करार संपुष्टात आणता येईल." काकू वाईट नाहीत. मला ताप आला तेव्हा त्यांनीच चार दिवस पेज करून दिली. भांडायचं नाही, पण 20,000 सोडणंही परवडणारं नाही. काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. अंक छापून येईपर्यंत थांबलो असतो तर तुमचा महिना फुकट गेला असता, म्हणून तुम्हाला तेव्हाच कळवलं. इथे सविस्तर लिहितोय ते बाकीच्यांसाठी, कारण घरमालक त्याच घरात राहत असला की खोली सोडायची कशी, हा प्रश्न महिन्याला दोन-तीन पत्रांत येतोच.

सगळ्यात आधी हिशेब करू. काकू एप्रिल ते सप्टेंबर अशा सहा महिन्यांचं मागतायत, म्हणजे 39,000. तुमचे 20,000 त्यांच्याकडे आहेत, तेव्हा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे डिपॉझिट तर गेलंच, वर 19,000 तुम्ही द्यायचे. हे करारात कुठेही लिहिलेलं नाही. 11 महिने ही कराराची कमाल मुदत आहे. बांधलंय ते फक्त पहिल्या सहा महिन्यांना, म्हणजे 30 एप्रिलपर्यंत. ज्याला एजंट लोक लॉक-इन म्हणतात ते हेच.

आता तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्ट. अटीत "त्यानंतर" हा शब्द आहे. तुम्ही म्हणाल, नोटीस मार्चमध्ये देते आणि 30 एप्रिलला मोकळी होते. काकूंचा वकील म्हणेल, नोटीसच सहा महिने झाल्यावर द्यायची, म्हणजे 31 मेपर्यंतचं भाडं लागतं. मी अशी वाक्यं हजारांनी टाइप केली आहेत आणि खरं सांगायचं तर काकूंच्या बाजूचं वाचन जास्त सरळ आहे. तेव्हा तुमचा जास्तीत जास्त तोटा एप्रिल आणि मे, म्हणजे 13,000. ते डिपॉझिटमधून वळते केले तरी 7,000 परत मिळायला हवेत. कमीत कमी बघायचं तर फक्त एप्रिलचे 6,500. या दोन आकड्यांच्या मध्ये जे काय ठरेल ते ठरेल, पण 39,000 हा आकडा मनातून काढून टाका.

आणि 13,000 सुद्धा आपोआप जात नाहीत. भारतीय करार कायदा, 1872, याचं कलम 74 सांगतं की करार मोडल्याबद्दल आधी रक्कम ठरवलेली असली, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरवलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. 1 मेपासून काकूंना दुसरी मुलगी मिळाली आणि ती 6,500 देऊ लागली, तर मे महिन्याचं नुकसान कुठलं? म्हणून माझा पहिला सल्ला कायद्याचा नाहीच : तुमच्या जागी येणारी मुलगी तुम्हीच शोधा. अंबड-सातपूरला नोकरी करणाऱ्या, इंदिरानगर ते पाथर्डी फाटा पट्ट्यात खोली बघणाऱ्या मुली कंपनीच्या बसमध्येच भेटतील. दोघी-तिघींना काकूंकडे घेऊन जा. निवड मात्र काकूंना करू द्या. घर त्यांचं आहे, त्यांच्याच ओट्यावर ती मुलगी सकाळी चहा करणार आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण ती दोन्हीकडून कापते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, यात पेइंग गेस्टची व्याख्या आहे : घर देणारा ज्या जागेत स्वतः राहतो, तिचाच काही भाग ज्याला लायसन्सवर दिलाय आणि जो कुटुंबातला नाही, असा माणूस. त्याच कायद्यात "लायसन्सी" या शब्दातून पेइंग गेस्टला मुद्दाम वगळलंय. तुम्ही एका उंबरठ्याच्या आत, एका स्वयंपाकघरात राहता, तेव्हा करारावर वर काहीही छापलेलं असो, तुम्ही या व्याख्येत बसता. भाडेकरूचं मोठं संरक्षण तुम्हाला नाही. उद्या काकूंनीच जा म्हटलं असतं तर सामान हलवायला वाजवी वेळ मागता आला असता (हे 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम 63 मध्ये आहे), पण "जात नाही" म्हणून वर्षानुवर्षं बसता आलं नसतं. तुम्हाला राहायचं नाही, जायचंय, म्हणून ही कमजोरी आज तुमच्या फारशी आड येत नाही. तुमचा सगळा मामला त्या करारातल्या दोन वाक्यांवर आणि 20,000 रुपयांवर आहे.

आता सांगायचं कसं. घरात राहणाऱ्या मालकिणीला आधी नोटीस आणि मग तोंडदेखलं बोलणं, हा क्रम चुकीचा. आधी समोर बसून बोला, आणि त्याच दिवशी कागद द्या. "काकू, आपलं बोलणं झालं ते विसरायला नको म्हणून लिहून आणलंय" एवढं म्हणा. वकिली भाषा नको. असा मजकूर पुरतो :

"दि. 14 मार्च. सौ. काकू व श्री. काका यांस, स. न. वि. वि. आपल्या घरातील मागची खोली मी दि. 1 नोव्हेंबरच्या नोंदणीकृत कराराने घेतली आहे. नोकरीनिमित्त पुण्यास जावे लागत असल्याने मी दि. 12 एप्रिल रोजी खोली रिकामी करून ताबा देईन. एप्रिल महिन्याचे भाडे रु. 6,500 मी पूर्ण देईन. माझ्या जागी येणारी व्यक्ती मिळवून देण्यास मी मदत करीन. डिपॉझिट रु. 20,000 मधून वीजबिल वजा करून उरलेली रक्कम ताबा देतेवेळी परत मिळावी. ही कराराप्रमाणे लेखी पूर्वसूचना समजावी."

खाली सही. दोन प्रती काढायच्या, एकीवर काकूंची "मिळाली" म्हणून सही आणि तारीख घ्यायची. त्या सही करायला कां कू करतील, कारण आपल्याकडे सही म्हटलं की माणूस बिचकतो. मग आग्रह धरू नका. त्याच कागदाचा फोटो त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पोहोचपावतीसह पाठवा. हो, त्याच घरी, जिथे तुम्ही राहता. पोस्टमन आला तेव्हा तुम्हीच दार उघडलंत आणि स्वतःची नोटीस स्वतःच घेतलीत, असं मात्र होऊ देऊ नका. हा विनोद नाही, माझ्या टेबलावर असा एक मुलगा येऊन गेलाय. पोहोचपावतीवर त्याचीच सही होती.

मग ताबा द्यायचा दिवस. याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण इथे मी स्वतः पोळलोय.

1985 साली मी पंचवटीत एका वाड्यात माडीवरच्या खोलीत राहायचो. मालक खाली राहत. खोलीचं डिपॉझिट होतं 300 रुपये, माझ्या तेव्हाच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. खोली सोडली त्या दिवशी मालक बाहेरगावी गेलेले, म्हणून मी किल्ली त्यांच्या नातवाच्या हातात दिली. नातू असेल सात-आठ वर्षांचा. किल्लीला लाल दोरा बांधलेला, तो त्याने गळ्यात घातला आणि गोट्या खेळायला पळाला. आठ दिवसांनी पैसे मागायला गेलो तर मालक म्हणाले, "किल्ली मला मिळालीच नाही, खोली अजून तुझ्याकडेच आहे, या महिन्याचं भाडं काढ." नातवाला विचारलं तर त्याने किल्ली रामकुंडावर हरवली होती, आणि मार बसेल म्हणून तो गप्प होता. कुलूप फोडायचा खर्च, महिन्याचं भाडं, "जिन्याची फळी तुटली" याचे वेगळे, असं करत माझ्या हातात 40 रुपये पडले. दिवसभर दुसऱ्यांच्या ताबा पावत्या टाइप करणाऱ्या माणसाने स्वतःची केली नव्हती.

तर ताई, ताबा पावती करा. साध्या कागदावर : आज अमुक तारखेला, इतक्या वाजता, खोली रिकामी मिळाली, दोन किल्ल्या मिळाल्या (मुख्य दाराची एक, खोलीची एक), सबमीटर असेल तर त्याचं रीडिंग, डिपॉझिटपैकी इतके दिले, आता एकमेकांकडे काही येणं-देणं नाही. दोघांच्या सह्या आणि शेजारच्या कुणाची साक्षीदार म्हणून. सामान बाहेर काढल्यावर रिकाम्या खोलीचा एक सलग व्हिडिओ काढा : चारही भिंती, पंखा चालू करून, गिझरचा दिवा लागताना, संडासाचा फ्लश, कपाटाचे कप्पे. व्हिडिओत काकूंचा आवाज आला तर सोन्याहून पिवळं.

कापाकापीचं बोलणं निघेलच. खिळ्यांची भोकं, भिंतीवर पलंग घासल्याचा पट्टा, रंग फिका पडणं, ही वापराची झीज आहे, तिचे पैसे मागायचे नसतात. आरसा फुटला असेल, गादीला इस्त्रीचा डाग पडला असेल, तर ते तुमचं. मी घरमालक म्हणूनही हेच पाळतो, आणि बायको मला दर वेळी "फारच उदार" म्हणते ते सोडून द्या.

करार नोंदवलेला आहे तर तो रद्द करायलाही ऑफिसात जावं लागतं का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. बहुतेकांचं ताबा पावतीवर भागतं. पक्कं हवं असेल तर दोघांनी मिळून रद्दलेख करावा, तोही नोंदवता येतो. पोलिस ठाण्यात भाडेकरू म्हणून तुमची माहिती दिली असेल, तर सोडून गेल्याचं काकांना कळवायला सांगा. आणि आधार कार्डावर इथला पत्ता घातला असेल तर पुण्यात गेल्यावर तो बदला. नाहीतर बँकेची पत्रं वर्षभर काकूंच्या दारात येत राहतील.

इतकं करूनही काकूंनी पैसे अडवलेच, तर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. दावा लावायच्या आधीच दोघांना बोलावून तडजोड करण्याची सोयही तिथे आहे. पैशाच्या वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे पुण्यात स्थिरस्थावर होऊनही करता येईल. पण पेज करून देणाऱ्या बाईला कोर्टात न्यायची वेळ येऊ नये असं मलाही वाटतं. मे महिन्याचे अर्धे, 3,250, देऊन गोडीत सुटत असेल तर सोडा. मी असतो तर दिले असते.

प्रश्न : म्हसरूळला गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोघे विद्यार्थी राहतो. जिना बाहेरून, संडास-बाथरूम वेगळं. मालक खालच्या मजल्यावर. लिखापढी काहीच नाही, दर 5 तारखेला यूपीआयने 5,000 देतो. डिपॉझिट 10,000 तेही यूपीआयनेच दिलेलं. आता सोडायचं म्हणतोय तर मालक म्हणतात दोन महिन्यांची नोटीस लागते, इथे असाच रिवाज आहे.
– दोन मित्र, म्हसरूळ

उत्तर : रिवाज मालकांचा आहे, कायद्याचा नाही. तुमचं दार वेगळं, जिना वेगळा, म्हणून तुम्ही वरच्या ताईंसारखे पेइंग गेस्ट नाही, खोली स्वतंत्रपणे भाड्याने घेतलेली आहे असं म्हणता येतं. लेखी काही ठरलेलं नसताना महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याला 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 106 लागतं : 15 दिवसांची लेखी, सही केलेली नोटीस. मालकाने द्यायची तरी तेवढीच.

दुसरं, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 वाचून मालकांना दाखवा. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे सगळं वाचवायला खर्च किती होता? महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये आणि मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का. दाखवा, पण धमकीच्या सुरात नको. गच्चीवर अजून 15 दिवस राहायचंय आणि पाण्याच्या मोटरचं बटण खाली आहे.

यूपीआयच्या सगळ्या व्यवहारांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. 10,000 च्या त्या पहिल्या व्यवहारापुढे "डिपॉझिट" असं लिहिलं होतं का बघा. नसेल तर मालकांना साधा मेसेज करा : "काका, आमचे डिपॉझिटचे 10,000 कधी मिळतील?" ते "सोडल्यावर देतो" म्हणाले की तुमची पावती तयार.

प्रश्न : मी पंचवटीत राहतो, वय 71. घरातली पुढची खोली एका मुलाला लेखी करारावर दिली होती. दोन महिन्यांपासून तो नाही, फोन उचलत नाही, खोलीला त्याचं कुलूप, आत सामान. भाडं थकलंय. 2027 च्या सिंहस्थाआधी खोली दुरुस्त करून यात्रेकरूंना द्यायचा विचार आहे. कुलूप तोडू का?
– एक ज्येष्ठ नागरिक

उत्तर : आज नको, आणि एकट्याने तर मुळीच नको. लायसन्सवर राहणाऱ्याने न सांगता खोली सोडली तर ती त्याने वागण्यातून परत केली असं धरता येतं, सुविधाधिकार कायद्यात तशी सोय आहे. पण आत सामान आहे, तेव्हा तो उद्या येऊन म्हणेल, "मी गावी आजारी होतो, आणि माझा लॅपटॉप कुठाय?" लॅपटॉप आत कधी होता की नव्हता, हे तुम्ही कसं सिद्ध करणार?

करारात त्याचा आधारवरचा गावचा पत्ता असेल. तिथे स्पीड पोस्टाने पत्र पाठवा : दोन महिन्यांचं भाडं थकलंय, 15 दिवसांत येऊन सामान न्या, नाहीतर पंचांसमोर खोली उघडून सामानाची यादी करून ते जपून ठेवलं जाईल. हेच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. एक अर्ज पोलिस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. कुलूप उघडायला ते येतीलच असं नाही, पण अर्जावरचा शिक्का तुमच्या कामाचा आहे. त्याच्या आईवडिलांचा नंबर मिळाला तर आधी तिथे फोन लावा. मुलगा दोन महिने फोन उचलत नाही याची काळजी भाड्याच्या आधी करायला हवी, आणि तुम्ही पत्रात ती केलेली दिसली नाही म्हणून सांगतो.

15 दिवस गेले की शेजारचे दोघे पंच, कुलूपवाला आणि मोबाइल चालू ठेवून खोली उघडा. प्रत्येक वस्तू यादीत लिहा, अगदी फाटकी चप्पलसुद्धा. सामान पेटीत भरून पेटीवर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवा. थकलेलं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा, पण सामान विकू नका. तुमच्या डोळ्यांसमोर यात्रेकरू आहेत, पण खोलीत राहून गेलेल्या मुलाची पेटी वर्षभर माळ्यावर राहिली तर काही बिघडत नाही.

माझ्या माळ्यावर अशा दोन आहेत. एकीत नुसती इंजिनीअरिंगची पुस्तकं आहेत आणि तो मुलगा दर दिवाळीला फोन करून म्हणतो, "काका, या सुट्टीत नक्की नेतो."